‘एवढे भारी असते तर गाजले नसते का?’

प्रश्न : मी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमिनेम, नास, केंड्रिक लमार मनापासून ऐकतो. सहा महिन्यांपासून दुर्लक्षित रॅपर शोधायचा नाद लागलाय. ‘अंडररेटेड’ म्हणून जेवढ्या याद्या सापडल्या त्यांतून ३०० गाण्यांची प्लेलिस्ट केली, पण त्यातलं एकही गाणं डोक्यात राहत नाही. शब्द भराभर निघून जातात, अर्धं इंग्रजी कळत नाही. अ‍ॅप फिरून फिरून तीच पंधरा-वीस नावं पुढे करतं. मित्र म्हणतात, ‘एवढे भारी असते तर गाजले नसते का?’ मला उत्तर देता येत नाही. सुरुवात कुठून करू? आणि हेडफोन बदलावेत का?

उत्तर : आधी साधा हिशेब करू. एक गाणं साडेतीन मिनिटांचं धरलं तर ३०० गाणी म्हणजे साडेसतरा तास. एवढ्या वेळात तुम्ही शंभराहून जास्त अनोळखी आवाज एकेकदाच ऐकलेत. रॅपमध्ये नवा आवाज कानात बसायला वेळ लागतो. त्याचा श्वास कुठे तुटतो, तो ठेक्याच्या पुढे धावतो की मागे रेंगाळतो, कोणते शब्द गिळतो, हे पहिल्या गाण्यात कळतच नाही. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापासून कळायला लागतं. तुम्ही प्रत्येकाला पहिल्याच गाण्यावर सोडून पुढे गेलात. दोष तुमच्या कानाचा नाही, यादीचा आहे. ती प्लेलिस्ट पुसू नका, पण महिनाभर उघडूही नका. शफल आणि ऑटोप्ले दोन्ही बंद करा.

सुरुवात नासपासूनच करा, कारण तो तुमच्या ओळखीचा आहे. ‘इलमॅटिक’ १९९४ च्या एप्रिलमध्ये आला. दहा ट्रॅक, चाळीस मिनिटांपेक्षा थोडा कमी. त्याची श्रेयनामावली उघडा आणि बीट (शब्दांखाली वाजणारं संगीत) कोणी बनवले ते पाहा: डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप, एल.ई.एस. आणि लार्ज प्रोफेसर. यातलं शेवटचं नाव धरा. लार्ज प्रोफेसर हा क्वीन्सच्या मेन सोर्स या त्रिकुटातला. त्यांचा ‘ब्रेकिंग अ‍ॅटम्स’ १९९१ मध्ये वाइल्ड पिच नावाच्या लेबलवर आला, आणि त्यातल्या ‘लाइव्ह अ‍ॅट द बार्बेक्यू’ या गाण्यात सतरा वर्षांचा नास पहिल्यांदा रेकॉर्डवर ऐकू आला. आता लेबलचा धागा ओढा. त्याच वाइल्ड पिचवर १९९४ मध्ये ओ.सी. या रॅपरचा ‘वर्ड... लाइफ’ आला. हाच ओ.सी. त्याआधी १९९१ मध्ये ऑर्गनाइज्ड कन्फ्यूजन या जोडीच्या ‘फज पज’ गाण्यात पाहुणा होता. त्या जोडीतला एक प्रिन्स पो, दुसरा फॅरो मोंच. त्यांचा दुसरा अल्बम ‘स्ट्रेस : द एक्स्टिंक्शन अजेंडा’, तोही १९९४ चाच. त्याच्या बीटकारांत बकवाइल्डचं नाव दिसेल, आणि ओ.सी.चं सगळ्यांत नावाजलेलं गाणं ‘टाइम्स अप’ हेही बकवाइल्डचंच. बकवाइल्ड हा डी.आय.टी.सी. या न्यूयॉर्कच्या रॅपर-बीटकारांच्या टोळीतला. तिथून लॉर्ड फिनेस, डायमंड डी, शोबिझ आणि ए.जी., बिग एल अशी दारं उघडतात.

ओळखीच्या एका अल्बमपासून चार उड्यांत तुम्ही अशा ठिकाणी पोहोचलात जिथे बहुतेक याद्या नेत नाहीत, आणि वाटेतलं प्रत्येक नाव आधीच्या नावाशी बांधलेलं असल्यामुळे लक्षात राहतं. चार आठवड्यांसाठी चार अल्बम घ्या: ‘ब्रेकिंग अ‍ॅटम्स’, ‘वर्ड... लाइफ’, ‘स्ट्रेस’, आणि चौथा पुढे सांगतो. आठवड्याला एकच. जास्त घेतलेत की पुन्हा प्लेलिस्टच होईल.

आता तुमच्या मित्रांचा प्रश्न. तो प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. गाजणं आणि चांगलं असणं यांच्या मधे रेकॉर्ड कंपनी, वकील, दुकानं, रेडिओ आणि नशीब एवढे सगळे उभे असतात. ‘स्ट्रेस’ ज्या लेबलवर आला ते हॉलीवूड बेसिक, म्हणजे डिस्नेच्या मालकीच्या हॉलीवूड रेकॉर्ड्सची रॅपसाठीची शाखा. रॅप कुठे आणि कसा विकायचा याची नस त्या घराला कधी सापडलीच नाही. शिवाय वर्ष बघा. एप्रिलमध्ये ‘इलमॅटिक’, सप्टेंबरमध्ये नोटोरियस बी.आय.जी.चा ‘रेडी टू डाय’, आणि त्याच काही महिन्यांत ओ.सी. आणि ऑर्गनाइज्ड कन्फ्यूजन. सगळं एकाच शहरातलं.

काहींचं काम तर दुकानात पोहोचलंच नाही. के.एम.डी. या गटाचा ‘ब्लॅक बास्टर्ड्स’ १९९४ मध्ये तयार होता. मुखपृष्ठावरून वाद झाला आणि इलेक्ट्रा कंपनीने अल्बम रोखून गटालाच सोडून दिलं. त्याआधीच्या वर्षी गटातला सबरॉक गाडीखाली सापडून गेला होता. त्याचा भाऊ काही वर्षं गायब झाला आणि १९९९ मध्ये मुखवटा घालून परतला. तोच रॅपर एमएफ डूम. तो परतला म्हणून आज आपण के.एम.डी.चं नाव घेतो. लार्ज प्रोफेसरचा पहिला एकट्याचा अल्बम गेफन कंपनीने १९९६ मध्ये दाबून ठेवला, तो अधिकृतपणे २००९ मध्ये निघाला. तेरा वर्षांनी! त्या अल्बमच्या वाट्याला त्याचा काळच आला नाही, मग तो गाजणार कसा?

तिसरं कारण सॅम्पलचं. १९९१ च्या डिसेंबरमध्ये बिझ मार्की या रॅपरच्या एका गाण्यावरून न्यूयॉर्कच्या कोर्टात निकाल लागला आणि तेव्हापासून दुसऱ्याच्या रेकॉर्डचा तुकडा परवानगीशिवाय वापरणं महाग पडू लागलं. त्याआधीचे करार डिजिटल विक्री डोळ्यांसमोर ठेवून केलेले नव्हते. डी ला सोलसारख्या नामांकित गटाचे सुरुवातीचे अल्बम स्ट्रीमिंगवर यायला ३ मार्च २०२३ उजाडला. त्यांचा पहिला अल्बम १९८९ चा आहे. मोठ्या नावाची ही गत, तर ज्यांच्यामागे वकील लावायला कोणी नाही त्यांचं काय होत असेल? म्हणून अ‍ॅपवर एखादा अल्बम नसेल तर तो फालतू होता असं समजू नका.

आता ऐकायचं कसं. आठवड्यातल्या एका अल्बमला तीन बैठका द्या, प्रत्येकी पाऊण तास, मधे किमान एक दिवस. पहिल्या बैठकीत काही करू नका, शब्दही वाचू नका, सलग ऐका. आवडलेल्या दोन गाण्यांची नावं तेवढी वहीत लिहा. दुसरी बैठक मोजण्याची. हीच बहुतेक जण टाळतात आणि इथेच रॅप उलगडतो.

एका बारमध्ये चार ठोके. वेग मिनिटाला ९० ठोके असेल तर एक बार २.६७ सेकंदांचा आणि सोळा बारचं कडवं साधारण ४३ सेकंदांचं. आपल्या कानाची एक खोड इथे आडवी येते. भजनात, तबल्यावर आपण समेवर वजन देतो, पहिल्या मात्रेवर टाळी देतो. रॅपमध्ये स्नेअर ड्रमचा चटका दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असतो. तुम्ही नकळत चटक्यालाच सम समजलात तर सगळ्या ओळी अर्धवट तुटल्यासारख्या वाटतात, रॅपर चुकतोय असंही वाटतं. उपाय सोपा आहे: पाय १ आणि ३ वर, हात २ आणि ४ वर. गाण्याच्या सुरुवातीला नुसता बीट वाजतो तेव्हाच हे बसवून घ्या. मग एक कडवं निवडा, प्रत्येक बारच्या चौथ्या ठोक्यापाशी पडणारा शब्द लिहा. स्पेलिंग चुकलं तरी चालेल, नुसता आवाज लिहा. सोळा आवाजांची उभी रांग तयार होईल. त्यानंतर तेच कडवं पुन्हा लावून ओळीच्या मधे कुठे कुठे तोच स्वर येतो तिथे खुणा करा.

असं केल्यावर यमक म्हणजे काय याची कल्पनाच बदलते. ‘घर–कर’ हे एका जागी जुळणारं यमक. आता ‘दारावरची पाटी’ आणि ‘वाऱ्यावरची माती’ हे दोन तुकडे मोठ्याने म्हणून पाहा. आ-आ-अ-अ-ई-आ-ई, सातही स्वर रांगेत जुळतात. शेवटचं ‘टी’ आणि ‘ती’ तंतोतंत एक नाही, तरी कान कुरकुर करत नाही. फॅरो मोंच हेच करतो, आणि बार संपला तरी थांबत नाही. जुळणी पुढच्या बारच्या मध्यापर्यंत खेचतो आणि वाक्य भलत्याच ठिकाणी संपवतो. मोरोपंतांच्या आर्येतली यमकं शाळेत कंटाळत पाठ केली असतील तर त्या कंटाळ्याचा आता उपयोग होईल, कान त्या कामाला आधीच तयार आहे.

या सरावासाठी ‘स्ट्रेस’मधलं ‘स्ट्रे बुलेट’ घ्या. त्यात बोलणारा माणूस नाही, बंदुकीतून सुटलेली गोळी आहे. ती स्वतःचा प्रवास सांगते: कुठून निघाली, कोणाला चुकवलं, शेवटी कुठे घुसली. पहिल्यांदा ऐकताना हा नुसता हिंसेचा तपशील वाटेल. दुसऱ्यांदा बारीक ऐका. गोळीला राग नाही, पश्चात्ताप नाही, कोण मेलं याचं सोयरसुतक नाही. आणि ऐकणाऱ्याला जे कापरं भरतं ते त्या थंडपणामुळे. वस्त्यांमधला गोळीबार अनेक रॅपरांनी मारणाऱ्याच्या किंवा मरणाऱ्याच्या तोंडून सांगितला. ही तिसरी जागा शोधणं ही खरी कवीची कामगिरी आहे, आणि आमच्या मते त्या दशकातल्या सर्वोत्तम लेखनात ती बसते.

तिसऱ्या बैठकीत शब्द समोर ठेवा. जीनियस या गाण्यांच्या शब्दांच्या साइटवर बहुतेक कडवी मिळतात, पण ती श्रोत्यांनी ऐकून उतरवलेली असतात, जुन्या आणि कमी ऐकलेल्या गाण्यांत चुका भरपूर. अर्थाच्या टिपाही बहुतांशी श्रोत्यांच्याच. कलाकाराने स्वतः लिहिलेली टीप हिरव्या खुणेची असते, तिच्यावर विसंबा. ओळ तुमच्या कानाला वेगळी ऐकू आली तर कान खोटा ठरवायची घाई करू नका. न कळलेल्या शब्दांपैकी एका बैठकीत दहाच शोधा. सगळे शोधायला गेलात तर गाणं राहील बाजूला आणि शब्दकोश हातात येईल.

बोलीभाषेसाठी एक गंमतशीर शिकवणी आहे. हार्लेमच्या बिग एलचं ‘इबॉनिक्स’, १९९८ चं. त्यात तो गल्लीतला एकेक शब्द घेऊन त्याचा अर्थ यमकातच सांगत जातो, अक्षरशः शब्दकोश. कोलंबिया कंपनीने त्याला एका अल्बमनंतर सोडलं, त्याने स्वतःचं लेबल काढून हे गाणं आणलं, आणि १५ फेब्रुवारी १९९९ ला, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याचा खून झाला.

हेडफोनचं विचारलंत. नवे घेऊ नका, आधी फोनचा स्पीकर सोडा. किक ड्रमचा आणि बेसचा गाभा साधारण ५० ते १०० हर्ट्झमध्ये असतो आणि फोनचा इवलासा स्पीकर तेवढ्या खाली पोहोचतच नाही. पाया काढून भिंत कशी आहे ते ठरवण्यातला हा प्रकार. साधे तारेचे इअरफोन, कानात घट्ट बसणारे, पुरे. इक्वलायझरमधला बेस बूस्ट बंद ठेवा. तो आवाजाच्या खालच्या भागावर पांघरूण टाकतो आणि नेमके शब्द बुडतात. आणि जुन्या बीटमध्ये जी घरघर ऐकू येते तिला खराब अपलोड समजू नका. त्या काळातलं लाडकं यंत्र, एसपी-१२००, १२ बिटचं होतं आणि त्यात एकूण जेमतेम दहा सेकंदांचं सॅम्पल मावायचं. म्हणून प्रोड्युसर (बीट बनवणारे) मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने वाजवून आत घेत आणि यंत्रात पुन्हा संथ करत. जागा वाचायची आणि आवाजाला तो खरबरीत पोत यायचा. तो पोत त्या बीटचाच भाग आहे.

चौथा अल्बम ‘का’ या रॅपरचा. नाव एवढंच. ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिलचा हा माणूस न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात कॅप्टन होता. नव्वदीत एका गटात होता, त्यातून काही हाती लागलं नाही, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याने स्वतःच बीट करून, स्वतःच काढून ‘ग्रीफ पेडिग्री’ आणला, २०१२ मध्ये. ऑक्टोबर २०२४ मध्ये, ५२ व्या वर्षी, तो गेला. हा अल्बम शेवटी ठेवायला सांगतोय ते मुद्दाम. यात ड्रम कितीतरी ठिकाणी जवळजवळ नाहीतच. ठेका त्याच्या बोलण्यातच आहे. आवाज तो चढवत नाही, पुटपुटतो. पहिल्या आठवड्यात ऐकलात तर झोप येईल. तीन आठवडे बार मोजून झाल्यावर मात्र पायाला ठोका सापडतो आणि मग एकेका शब्दाला दोन-दोन अर्थ कसे लावलेत ते दिसू लागतं. बसमध्ये ऐकू नका. पंखा कमी करा, रात्री ऐका, आणि आवाज वाढवायचा मोह टाळा.

अ‍ॅप तीच नावं देतं कारण त्याच्याकडे पुरावाच तेवढा आहे: तुमच्यासारखं ऐकणारे आणखी काय ऐकतात, एवढ्यावर त्याचा अंदाज चालतो. ज्याचे श्रोतेच थोडे, त्याच्याबद्दल अंदाज बांधायला काही नसतं. म्हणून शोध अ‍ॅपबाहेर, डिस्कॉग्ज या रेकॉर्डांची माहिती देणाऱ्या साइटवर करा. अल्बमच्या पानावर खाली श्रेयनामावली असते, प्रोड्युसरच्या नावावर टिचकी मारा, त्याच्या पानावर निर्मितीचं काम वेगळं निवडा आणि वर्षानुसार लावा. मूळ अल्बमच्या आधीची दोन आणि नंतरची दोन वर्षं पाहा. त्या पट्ट्यात प्रोड्युसरचा हात तोच असतो पण रॅपर अनोळखी निघतात. दोन ठिकाणी फसगत होते. एक, सारख्या नावाचे दोन कलाकार स्ट्रीमिंगवर एकाच पानावर कोंबलेले असतात, म्हणून लेबल आणि साल जुळवून घ्या. दुसरं, ‘डिलक्स’ आवृत्तीत मागे रिमिक्सची शेपटी जोडलेली असते. मूळ गाण्यांचा क्रम डिस्कॉग्जवरून वहीत उतरवा आणि तेवढंच ऐका, नाहीतर अल्बम संपतच नाही असं वाटून वीट येईल.

ही वाट न्यूयॉर्कमधूनच जाते, हे खरं. पुढच्या महिन्यात शहर बदला. लॉस एंजेलिसच्या गुड लाइफ कॅफेत गुरुवारी खुला मंच असे, शिवी द्यायला बंदी होती आणि रॅप फसला की प्रेक्षक माइक पुढे द्यायला सांगत. त्या तालमीतून आलेल्या फ्रीस्टाइल फेलोशिपचा ‘इनरसिटी ग्रिओट्स’ (१९९३) जॅझच्या अंगाने जातो. फिलाडेल्फियाच्या बहामादियाचा ‘कोलाज’ (१९९६) न चुकता ऐका. स्त्रियांची नावं या याद्यांत कायम शेवटी येतात, आणि इतक्या सहज, न ओरडता ठेक्यावर बसणारा आवाज पुरुषांतही विरळा. मास्टा एसचा ‘डिस्पोजेबल आर्ट्स’ (२००१) अख्खी एक कहाणी आहे, तुरुंगातून सुटण्यापासून सुरू होणारी.

आवडलं तर विकत घ्या. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला आधीच्या बारा महिन्यांत १००० स्ट्रीमही मिळालेले नाहीत त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. छोट्या रॅपरची कितीतरी गाणी या रेषेखाली राहतात. बँडकॅम्प ही गाणी विकणारी साइट डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के ठेवते, पैसे चुकते करण्याचा खर्च वजा जाऊन बाकी कलाकाराकडे. पैसे कार्डाने किंवा पेपालने भरता येतात; तुमच्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतील तर बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करा, खरेदी झाली की पुन्हा बंद. रेकॉर्ड मागवायच्या फंदात आत्ताच पडू नका, अमेरिकेहून टपालखर्चच रेकॉर्डच्या घरात जातो. चाळीस मिनिटांचा अल्बम ३२० केबीपीएसच्या एमपी३ मध्ये जेमतेम ९६ एमबी होतो, फोनवर सहज मावतो.

आणि तुमच्या गावाचं. तुमच्या अमरावतीचा १००आरबीएच (१०० म्हणजे सौ, आरबीएच म्हणजे रभ: सौरभ) मराठीत रॅप करतो. मुंबईच्या स्वदेशी गटातला एमसी मवाली मराठीत लिहितो; आरेच्या जंगलावरच्या त्यांच्या ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये तिथले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. इथे शब्दकोश लागणार नाही, म्हणून मोजण्याची बैठक आधी यांच्यावर करून पाहिलीत तरी चालेल. वर ‘टी’ आणि ‘ती’ची जी गोष्ट सांगितली ती मराठी कडव्यात चटकन पकडता येते.

पहिले तीन आठवडे झाले की सोळा आवाजांच्या त्या उभ्या रांगेचं एक पान आम्हाला पाठवा. कोणत्या बारवर मोजणी चुकली तिथे फुली मारा. पुढचा धागा त्या फुलीवरून सांगू.